नारळ तिकडचा घे

ग्वाल्हेरचा माणूस जानेवारीत कुठेही निघाला तरी दोन गोष्टी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही: स्वेटर आणि गजक. मीही दोन्ही घेतल्या. स्वेटर दिल्लीत अंगातून उतरला तो परत दिल्लीतच चढला, मधले दिवस त्याची उशी केली. आणि गजक, ती तिळागुळाची पट्टी, जी इथे दाताखाली कडकन मोडते म्हणून लोक डबेच्या डबे बांधून नेतात, ती तिसऱ्या दिवशी भिजल्या पुठ्ठ्यासारखी वाकायला लागली. त्या शहराबद्दल माझं मत तिथेच झालं. तीळगूळ ज्या हवेत टिकत नाही, त्या हवेत माणसाने का राहावं?

शहर म्हणजे पोर्ट ब्लेअर. नाव आता बदललंय म्हणतात. बदलेना का, घाम जुनाच आहे. मी काही हौसेने गेले नव्हते. समुद्र बघायची मला कधीच असोशी नव्हती. मी माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, घरी घेऊन यायला गेले होते.

ताई सत्ताविसाव्या वर्षी लग्न करून तिकडे गेली. नवरा वनखात्यात. मूलबाळ झालं नाही, आणि तीन वर्षांपूर्वी भाऊजीही गेले. त्यानंतर ती परत येईल असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली नाही. मी धाकटी, सत्तावन्न वर्षांची, दर्पण कॉलनीतल्या घरात आईबरोबर राहते. लग्न का झालं नाही हे विचारू नका, ग्वाल्हेरमधल्या अर्ध्या मराठी घरांचं विचारून झालेलं आहे. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. पाच वर्षांपूर्वी आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी नोकरी सोडली. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. वॉकर घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत जाते, आणि तेवढ्या प्रवासात माझ्या चार चुका काढते.

ताई रोज संध्याकाळी फोन करायची. आईला डाळिंब दे. आईला उन्हात बसव. आईच्या पायाला तेल लाव. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी पाच वर्षं रोज सहा वाजता ऐकत होते.

आमच्या घरात माहेरपणाचे नियम कडक. ताई दोन-तीन वर्षांतून एकदा यायची तेव्हा पहिल्या दिवशी तिने कशालाही हात लावायचा नाही. चहाचा कपसुद्धा उचलायचा नाही. "माहेरी आली आहे, बसू दे तिला," आई म्हणायची. माहेरी आलेली बसणार म्हटल्यावर उठणार कोण, हे सांगायला नकोच. मी पुरण वाटायचे, मी गाद्या घालायचे. आणि निघायच्या दिवशी ओटी. बाबा गेल्यापासून आई स्वतः भरत नसे, मावशीला बोलावून घ्यायची, कारण मावशीचे यजमान अजून खणखणीत आहेत. ताई पाटावर बसायची, मावशी तिच्या पदरात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी घालायची. मी मागे उभी राहून रिक्षा आली का ते बघायचे. कुमारिकेचं त्यात काही काम नसतं.

भाऊजी गेल्यावर ताई एकदाच आली. निघायच्या दिवशी मावशीला बोलावलं नाही. आईने वॉकर टेकत जाऊन कपाटातून एक खण काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला. ताईला एक साडी दिली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ताईने ती हसत घेतली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही, आणि मी ते विसरलेही नाही.

या हिवाळ्यात आईनेच टुमणं लावलं. "ताईकडे जाऊन ये." मी म्हटलं, तुझं कोण करणार? तर मावशीला फोन करून तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिकीट ताईने पाठवलं. मला वाटलं, शेवटी आईलाही कळलं, आता मोठीला आणल्याशिवाय धाकटीचं काही खरं नाही. मी ताईची जुनी खोली रंगवून घेतली. फिका पिवळा रंग. पडदेसुद्धा शिवून आणले.

निघताना आईने एक पुरचुंडी दिली. जुन्या पांढऱ्या धोतराचं कापड, तोंड सुई-दोऱ्याने शिवलेलं. तिच्या डोळ्यांना सुई दिसत नाही, त्यामुळे टाके कुठेही पडलेले. "हे ताईच्या हातात दे. उघडू नकोस."

मी उघडली नाही, पण गाडी धुक्यात दोन तास आग्र्याच्या अलीकडे थांबली तेव्हा चाचपून पाहिली. सरकणारे दाणे: तांदूळ. लांबट गाठ: हळकुंड. गोल: सुपारी. घडी केलेलं कापड: खण. नारळ तेवढा नव्हता, तो बहुधा विसरली. आईने विधवा मुलीला ओटी पाठवली होती. म्हणजे जावई गेला, हेच तिच्या डोक्यातून गेलं होतं. मी तिथेच ठरवलं, ही पुरचुंडी ताईला द्यायची नाही. तिला परत तसं हसायला लावायचं नाही. पुरचुंडी पर्सच्या तळाशी गेली, आणि मनात एक मुद्दा जमा झाला: आईची स्मृती जात आहे, आता तर ताईला यावंच लागेल.

ताई विमानतळावर छत्री घेऊन उभी होती. ऊन टाळक्यावर तळपत होतं. मी म्हटलं, छत्री कशाला? म्हणाली, इथे कधीही येतो. केस कापले होते, रंग रापला होता. घर टेकडीच्या उतारावर, मागे सहा-सात नारळ आणि सुपारीची झाडं. आत शिरताच बुरशीचा वास. तिचं कपाट, तिच्या चपला, भाऊजींची पुस्तकं, सगळ्यांवर हिरवट लव. माझी बॅग दुसऱ्या दिवशी त्यात सामील झाली, म्हणून पर्स मी अंगापासून वेगळी केली नाही.

जेवणाबद्दल काय सांगावं. ताई मासे खायला लागली आहे, हे तिने वांगी खायला लागल्यासारखं सांगितलं. माझ्यासाठी शाकाहारी बनवलं, तर कोबीत नारळ, बटाट्यात नारळ, वरणात नारळ. सकाळी पोहे दिले, त्यावर शेव शोधली तर तिथेही नारळ. या गावात नारळाशिवाय दुसरं काही पिकत नाही आणि कोणाला त्याची खंतही नाही. शेजारी एक बंगाली, एक तमिळ, समोर तेलुगू, आणि सगळे आपापसांत हिंदी बोलतात. ती हिंदी ऐकून मला माझ्या शाळेतल्या हिंदीच्या बाई आठवल्या. त्या इथे आल्या असत्या तर विमानतळावरूनच परत गेल्या असत्या.

पहिल्याच संध्याकाळी मी विषय काढला. "ताई, बोलायचं आहे."

"बोलू ना. आधी फिरून तर घे. इतकी लांब आली आहेस."

मी भांडी घासायला उठले तर तिने हाताला धरून बसवलं. "तू बसून जा. कपही नाही उचलायचा." मला वाटलं, ही लाच आहे. चार दिवस खाऊपिऊ घालायचं, फिरवायचं आणि रिकाम्या हाताने परत पाठवायचं. मी बसले, पण घुश्शात बसले.

मग फिरणं सुरू झालं. पहिला मान जेलचा. त्या कोठड्यांबद्दल मी काही बोलणार नाही. तिथे तोंड बंद ठेवायचं असतं एवढी अक्कल मला आहे. ती बाकीच्यांना नव्हती. एक गृहस्थ कोठडीत शिरून गज धरून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "काढ लवकर, चेहरा दुःखी येऊन राहिला ना?" बायको म्हणाली, थोडं अजून दुःखी. ते आमच्याकडचेच निघाले तर काय घ्या, म्हणून मी दुसऱ्या जिन्याने खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी बोटीतून पलीकडच्या बेटावर. तिथे इंग्रजांचे बंगले, चर्च, बेकरी होती. आता नुसत्या भिंती आहेत आणि त्यांना झाडांच्या मुळांनी विळखे घातलेत. लोक त्या मुळांना मिठ्या मारून फोटो काढतात. हरणं आहेत, ती बटाट्याचे वेफर्स खातात. हरणाने वेफर्स खाल्ले की लोकांना इतका आनंद होतो, जणू पोराने पहिलं पाऊल टाकलं.

"पडक्या भिंती बघायला बोटीत बसून कशाला यायचं?" मी म्हटलं. "आमच्या किल्ल्यावर काय कमी आहेत?"

"तू किल्ल्यावर शेवटची कधी गेलीस?" ताईने विचारलं.

मला आठवेना. किल्ला आमच्या गच्चीवरून दिसतो. मी रोज कपडे वाळत घालते तेव्हा तो समोर असतो. पण वर कधी गेले होते? शाळेची सहल घेऊन, बहुधा नोकरीच्या सुरुवातीला. मी म्हटलं, "वेळ कुठे असतो?" आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सूर्यास्त. तोही तिथला फुकट बघायचा नसतो, त्यासाठी तासभर वळणावळणाच्या रस्त्याने जावं लागतं, पोटातलं सगळं ढवळून घ्यावं लागतं आणि मग वाळूत बसावं लागतं. वाळूच्या माशा पोटऱ्या फोडून काढतात. शेवटी तो सवापाच वाजता बुडला. सवापाच! ज्या वेळी आमच्याकडे भलीमाणसं दुपारच्या चहातून उठतात, त्या वेळी इथे अंधार. आणि तो बुडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, जसा काही त्यांच्या वशिल्याने बुडला.

"कसा लागला?" ताईने विचारलं.

"रोज बुडतो," मी म्हटलं.

ती हसली. मग थोडा वेळ माझ्या पर्सकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला काही द्यायचं-बियचं आहे का मला?"

"गजक दिली ना."

"हो, ती दिलीस." एवढं बोलून ती उठली आणि साडीची वाळू झटकायला लागली.

चौथ्या, पाचव्या दिवशी मी परत विषय काढला. परत तेच. अजून हे बघायचं राहिलं, ते बघायचं राहिलं. मावशीचा तिकडून फोन: आई माझ्या हातचं जेवत नाही, मीठ कमी म्हणते. आईचा फोन: मावशीला काही येत नाही, तू आणखी चार दिवस राहून घे. मला दोन्हीचा मेळ लागेना. म्हातारीचं डोकं खरंच गेलं, असं मी धरून चालले.

सहाव्या दिवशी ताईने हुकमाचा पत्ता काढला. शंभर किलोमीटरवर, दुसऱ्या एका बेटावर, ज्वालामुखी आहे. चिखलाचा. त्यासाठी पहाटेच उठायचं, कारण रस्ता जंगलातून जातो आणि गाड्या तिथे पोलिसांच्या मागे रांगेने सोडतात. जंगलात खिडकी उघडायची नाही, फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही. हा नियम मला त्या बेटांवरचा एकमेव शहाणा नियम वाटला. मग मोठ्या बोटीत गाड्या चढवायच्या, माणसं चढवायची, पलीकडे उतरायचं, परत जीप, आणि मग पायऱ्या. माझे गुडघे सत्तावन्न वर्षांचे. मी प्रत्येक पायरीला ज्वालामुखी म्हणून मनाची तयारी केली.

वर लाकडी कुंपण होतं. कुंपणाच्या आत राखाडी चिखल. अंगणाएवढा. आम्ही, आणि आमच्यासारखे तीस-चाळीस लोक, कुंपणाला पोट टेकून उभे. काही होईना. मग मधोमध एक बुडबुडा आला. लहान वाटीएवढा. तो फुगला, आणि फुस्स झाला.

"निकला! निकला!" एक माणूस ओरडला. लोकांनी फोन वर केले.

मी ताईकडे पाहिलं. "हाच?"

"हाच."

नाव मोठं लक्षण खोटं. आमच्याकडे पिठल्याला याहून मोठे बुडबुडे येतात आणि त्याबद्दल आम्ही कोणाला तिकीट लावत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्वालामुखी काय तो तिथे मीच होते.

"हे बघायला तू मला भल्या पहाटे उठवलंस? सहा दिवस झाले. तू घरी केव्हा येऊन राहिलीस, तेवढं सांग."

"कुठल्या घरी?"

"कुठल्या म्हणजे? ग्वाल्हेरला. तुझी खोली रंगवून घेतली आहे मी. पडदे लावले."

ताई कुंपणाकडे बघत म्हणाली, "मी नाही येत."

मग मी काय काय बोलले ते सगळं लिहायची सोय नाही. पाच वर्षं एकटी करून राहिले. रात्री तीनदा उठते. नोकरी गेली, बरोबरच्या बाया निवृत्त होऊन काशी-रामेश्वर करून आल्या, मी दर्पण कॉलनीच्या नाक्यापर्यंत औषधं आणायला जाते. तू इथे समुद्राचं वारं खात बसली आहेस आणि मला सांगतेस डाळिंब दे. आजूबाजूचे लोक ज्वालामुखी सोडून आमच्याकडे बघायला लागले. निदान त्यांना काहीतरी बघायला मिळालं.

"आणि आता तर आईचं डोकंही राहिलं नाही," मी म्हटलं, आणि पर्सच्या तळाशी हात घालून ती पुरचुंडी बाहेर काढली. "हे बघ. ओटी पाठवली आहे तिने तुझी. ओटी! भाऊजी गेले, तेच विसरून गेली."

तोंडातून गेलं आणि जीभ चावली. सहा दिवस जे लपवायला मी पर्स उशाशी घेऊन झोपले, ते मी चाळीस अनोळखी माणसांसमोर तिच्या तोंडावर फेकलं होतं.

ताईने पुरचुंडी घेतली. ते वेडेवाकडे टाके अंगठ्याने चाचपले. नाकाशी धरून वास घेतला.

"इतके दिवस तू हे घेऊन फिरून राहिलीस? मला वाटलं, तू उघडून बघितलंस आणि रागावलीस. म्हणून देत नाहीस. म्हणून मी पण काही बोलले नाही."

"मी का रागावू?"

"अगं, हे माझं नाहीच आहे."

"मग कोणाचं?"

"तुझं."

मागे बहुतेक आणखी एक बुडबुडा आला, कारण परत कोणीतरी ओरडलं. आम्ही दोघींनी बघितलं नाही.

पायऱ्या उतरताना, माझा दंड धरून, तिने सांगितलं. आईने दिवाळीतच फोन केला होता. म्हणाली, मोठीची इतकी वर्षं भरली, धाकटीची एकदाही नाही. लग्न नाही म्हणून कोणी भरली नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. मी आता तिला तुझ्याकडे पाठवते. तिला दहा-बारा दिवस बसव, कामाला हात लावू देऊ नकोस, फिरव, आणि निघताना तिची ओटी भर. खण-तांदूळ इथून पाठवते. नारळ तिकडचा घे, तिथे काय कमी आहेत?

"आणि तुझं यायचं?" मी विचारलं.

"आई नको म्हणते. म्हणते, तू आलीस तर धाकटीला दोघींचं करावं लागेल. ती घरात असताना तू येऊन राहू नकोस. ती कुठे जाईल तेव्हा ये." ताई पुढची पायरी उतरली. "मे महिन्यात येते मी. दोन महिने. तू तोपर्यंत कुठे जायचं ते ठरवून ठेव."

मे महिन्यात ग्वाल्हेर! शेहेचाळीस डिग्रीत, लू चालू असताना. आपण होऊन त्या दिवसांत ग्वाल्हेरला येणारी ती पहिलीच बाई असेल. मी तसं म्हटलंही. पण चिडले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. या दोघी दिवाळीपासून फोनवर माझ्याबद्दल ठरवत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून डाळिंब सोलत होते. त्याहून जास्त चीड माझी मलाच आली. तीस वर्षं पोरींना विज्ञान शिकवलं, ग्रहण लागलं की मुद्दाम डबा उघडून जेवायला लावलं, आणि ओटी हाताला लागल्याबरोबर मी काय धरून चालले? विधवेला चालत नाही. कुमारिकेला असत नाही. आईचं डोकं गेलं. आम्हा तिघींत डोकं फक्त आईचंच ठिकाणावर होतं, आणि मी मात्र पुरचुंडी लपवून स्वतःला फार समजूतदार समजत होते.

निघायच्या दिवशी सकाळी ताईने मागच्या झाडाचा उतरवलेला एक नारळ सोलून ठेवला, शेंडी राखून. पाट नव्हता, म्हणून पोळपाट उलटा घालून त्यावर चादरीची घडी टाकली. मी म्हटलं, हे थोतांड मला चालत नाही.

"पदर पुढे कर."

पदर कुठला? मी सलवार-कुडत्यात होते. ओढणीच पसरली. तिने टाके उसवले. खण पोपटी निघाला, भडक, जरीचा काठ असलेला. आईला हल्ली रंग नीट दिसत नाहीत, नाहीतर असला रंग आमच्या घरात कोणी आणला नसता.

कुंकवाच्या करंड्यात बोट घालून ताई थबकली. "मी भरलेली चालेल ना तुला?"

"विज्ञानाच्या पुस्तकात याबद्दल काही दिलेलं नाही," मी म्हटलं.

तिने कुंकू लावलं. नारळ ठेवला, खण ठेवला, हळकुंड, सुपारी, आणि मग ओंजळीने तांदूळ, एकदा, दोनदा, पाचदा. नारळाचं वजन एकदम मांडीवर आलं. इतकी वर्षं मी मागे उभी राहून पाहिलं होतं, पण ओटीला वजन असतं हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं. सत्तावन्न वर्षांत मला कोणी असं समोर बसवून काही दिलं नव्हतं, आणि मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी कधी कोणाला सांगितलंसुद्धा नाही. ताईही रडली. शेजारची बंगाली बाई खिडकीतून बघत होती, तिला वाटलं कोणी गेलं.

परतीची गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा पोचली. स्टेशनातून रिक्षा केली. पहिल्याच वळणावर रिक्षावाल्याने मागे वळून न बघता विचारलं, कुठून आलात, मी म्हटलं अंदमानहून, तर म्हणाला, तिथे आहे काय? मी त्याला काही नाही म्हणून सांगणार होते. पण तोंडातून "नारळ" गेलं. त्याला काय समजायचं ते तो समजला.

दार मावशीने उघडलं आणि ती लगेच आपली पिशवी भरायला लागली, इतकी ती आईला कंटाळली होती. आई रजईत बसली होती. ताई कशी आहे, विचारलं नाही. प्रवास कसा झाला, विचारलं नाही.

"दाखव," म्हणाली.

मी ओढणीत बांधून आणलेलं सगळं पलंगावर सोडलं. तिने तांदळात बोटं घातली. खण डोळ्यांजवळ नेला. नारळ उचलून कानाशी हलवला, आत पाणी वाजलं.

"चांगला आहे. आपल्याकडे असा नाही मिळत." मग तिने वॉकर ओढून घेतला. "बसून जा तू. मी चहा बनवते."

"तू? तुला दोन पावलं चालवत नाही. मी ठेवते ना."

"पहिल्या दिवशी माहेरी आलेल्या मुलीने कशाला हात नाही लावायचा."

"मी माहेरी आले? मी इथेच राहते, आई."

"राहतेस ना," ती वॉकर टेकत टेकत निघाली. "आजपर्यंत तू गेलीच नाहीस, तर येणार कुठून? म्हणून तर पाठवली."

स्वयंपाकघर पलंगापासून चौदा पावलांवर आहे. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला, मग काड्यापेटी, मग आणखी काही पडलं. मी दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. अर्ध्या तासाने ती दाराशी आली आणि म्हणाली, कप वॉकरवर राहत नाही, दारापर्यंत येऊन घे, तेवढं चालतं.

चहा पाणचट झाला होता. आलं नव्हतं, साखर ती विसरली होती, आणि वर दुधाची साय तरंगत होती. मी तो बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि आणखी आहे का विचारलं.